शीळ घातली म्हणून

गर्दीतला एक म्हातारा शीळ घालतो. चारच सूर. लोक तीन बोटं उंचावतात, आणि शिपाई म्हाताऱ्याला तिथेच गोळी घालतात.

सुझान कॉलिन्सचं 'कॅचिंग फायर' ('हंगर गेम्स' मालिकेतलं दुसरं पुस्तक, २००९चं) आज इथेच अडलं. भाची म्हणाली, "मावशी, पुढे वाच गं, खरी मजा रिंगणात आहे!" असेल. पण पहिल्या भागात मरणाच्या खेळाला निदान नियम तरी होते. इथे शीळसुद्धा गुन्हा.

२०१४च्या लष्करी उठावानंतर थायलंडमध्ये लोकांनी हीच तीन बोटं उंचावली, त्यापायी पकडलेही गेले. २०२१ला म्यानमारमध्ये पुन्हा तेच.

भाचीला सांगितलं, तर म्हणते, "म्हणजे त्यांनीपण वाचलंय हे?"

कोणी गं, निदर्शकांनी की लष्कराने?