खोदाई न करणाऱ्याचा खोदाईचा अर्ज

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या तळ्याखालच्या शिवारात उन्हाळ्याअखेर मातीत किती ओल उरते आणि पहिल्या पावसांनंतर ती किती खोल उतरते, हे भूवेधी रडारने मोजायचे असा माझा पदव्युत्तर प्रकल्प होता. यंत्र भाड्याने मिळाले, शेतकऱ्यांनी हरकत घेतली नाही. अडले ते तळ्याच्या सरकारी बांधावर चालण्याच्या परवानगीपाशी.

एप्रिलअखेर मी तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो, तेव्हा माझ्यापुढे कूपनलिकेचा छापील अर्ज ठेवण्यात आला. बाजारात मी कन्नड सहज बोलतो, पण सरकारी कन्नड वाचायला बाकावरच्या एका काकांची मदत घ्यावी लागली. बोअरचा व्यास, अपेक्षित खोली, मोटरची अश्वशक्ती असे रकाने होते. यंत्र जमिनीवरून नुसते ओढायचे असते, त्यातून विद्युतचुंबकीय लहरी खाली जातात आणि ओलाव्याचा किंवा मातीचा थर बदलला की काही अंशी परततात, एक इंचही खणायचे नाही, हे मी कारकुनांना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते खरं हो, पण बोअर किती फूट मारणार?"

मी शून्य लिहिले. आठवड्याने अर्ज परत आला, कारण शून्य फुटांची बोअर मंजूर करता येत नाही. दुसऱ्या वेळी मी 'लागू नाही' लिहिले, तर रकाने अपूर्ण ठरले. तिसऱ्या वेळी साध्या कागदावर सविस्तर अर्ज दिला आणि त्यात 'रडार' हा शब्द तीनदा लिहिण्याचा शहाणपणा केला. बेळगावात लष्कर, सांबऱ्याला विमानतळ. तेव्हा कागद पोलिसांच्या ना हरकतीकडे वळला यात नवल नव्हते. अखेर तिथल्याच एका शिपाईमामांनी बाजूला घेऊन सांगितले, "मातीची पाहणी म्हणा, बाकी काही लिहू नका." त्या एका ओळीच्या अर्जावर चार दिवसांत सही झाली, पण तोवर जूनचा दुसरा आठवडा उजाडला होता आणि बांध भिजून गेला होता.

माझी चिडचिड केवळ हेलपाट्यांची नाही. या पद्धतीचा सारा आधार फरकावर आहे: कोरड्या वाळूचा सापेक्ष परावैद्युतांक (हा आकडा जितका मोठा, तितकी लहर त्या पदार्थात मंद) ३ ते ५, पाण्याचा सुमारे ८०, म्हणून ओल वाढली की लहरींचा वेग घटतो. लहर नॅनोसेकंदाला ०.१ मीटर धावत असेल, तर परावैद्युतांक ९ येतो आणि टॉप, डेव्हिस व अॅनन यांच्या १९८० च्या समीकरणाने ओलावा आकारमानाच्या साधारण १७ टक्के निघतो. शेतात मी मे महिन्यातच कोरडी रेघ, म्हणजे पावसाआधी यंत्र सरळ ओढून केलेली तुलनेची नोंद, घेऊन ठेवली होती. बांधाची तशी रेघ त्या वर्षी कायमची हुकली.

ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी आधी माती पाहावी. जांभ्याच्या तांबड्या मातीत आमच्या १०० मेगाहर्ट्झच्या अँटेनाने तीन मीटरपर्यंतचे थर दाखवले, पण खालच्या अंगाच्या काळ्या रानात ती मीटरभरातच मुकी झाली, कारण चिकणमाती विजेची चांगली वाहक असल्याने लहरी शोषून घेते. वरून तारा जात असतील तिथे कवच नसलेली अँटेना नेऊ नये. तारेचे प्रतिबिंब मी दोन दिवस जमिनीतला खडक समजत होतो. भूजलाची पातळीही ठळक रेघ म्हणून दिसेलच असे नाही, कारण तिच्यावर केशाकर्षणाने चढलेल्या ओलीचा पट्टा असतो. त्यासाठी जवळच्या विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजून ठेवावे. आणि हे आधीच सांगायला हवे होते: प्रत्येक रेघेवर मातीचे नमुने काढून १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवून वजन करावे, नाहीतर पडद्यावरच्या ओलाव्याला पडताळा राहत नाही.

या वर्षी मी फेब्रुवारीतच एका ओळीचा अर्ज दिला आहे आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हललो नाही.