मेनफ्रेमवरचे खादाड प्रोग्राम शोधताना: माझा अनुभव

क्लायंटची मागणी एका ओळीची होती. सगळ्यात जास्त सीपीयू (प्रोसेसरचा वेळ) खाणाऱ्या प्रोग्रामांची यादी द्या, वरून वीस. क्लायंट म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एक विमा कंपनी. पॉलिसी, हप्ते, क्लेम, सगळा कारभार झेड/ओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर. मी अमळनेरला घरून काम करतो, टीम पुण्यात बसते. कोबोल ही भाषा आणि जॉब चालवायच्या सूचना लिहायचं जेसीएल रोजच्या हातचं, पण परफॉर्मन्सचं काम तोवर कधी अंगावर आलं नव्हतं.

आमच्या लीड मॅडमनी पहिल्याच कॉलवर क्लायंटला विचारलं, "यादी कशाला हवी आहे?" मला तेव्हा हा प्रश्न फालतू वाटला. उत्तर आलं, सॉफ्टवेअरचं महिन्याचं बिल कमी करायचंय. त्या उत्तराने सगळं कामच बदललं, कारण त्यांचं बिल महिनाभरात एकूण किती सीपीयू वापरला यावर नव्हतं. मशीन सतत मागच्या चार तासांची सरासरी काढत असतं, एमएसयू या प्रोसेसर-वापराच्या मापात. महिन्यातलं त्या सरासरीचं सगळ्यात उंच टोक जिथे असेल, तिथे पैसे लागतात. महिनाही २ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत धरतात, आणि एससीआरटी नावाचं साधन त्याचा अहवाल काढून देतं.

जेवताना हे काकांना सांगितलं. काका धरणगावच्या एका जिनिंगमध्ये इलेक्ट्रिकलचं बघतात, कापसाचा सीझन ऐन भरात होता. त्यांना समजवावं काही लागलं नाही. "मंग ते आमना डिमांड चार्जसारखंच शे ना भो!" सगळ्या जिन आणि प्रेस एकाच वेळी सुरू केल्या की मीटरवर डिमांड चढते आणि बिलात बसते, म्हणून ते मशीनं मागेपुढे सुरू करतात. मला दोन दिवस पीडीएफ वाचून जे कळलं होतं, ते त्यांना भाकरी मोडता मोडता कळलं.

या यादीचा कच्चा माल एसएमएफ नावाच्या नोंदवहीतून येतो. झेड/ओएसवर कोणी काय चालवलं, किती सीपीयू, किती आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं), याची नोंद सिस्टीम स्वतः ठेवत असते. आपल्याला लागतो त्यातल्या नोंदींचा टाइप ३०. त्यात प्रत्येक जॉब (चालवायला दिलेलं काम), प्रत्येक स्टेप (त्यातला एक टप्पा), प्रोग्रामचं नाव आणि सीपीयूचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मिळतो. रॅकफचा, म्हणजे परवानग्या सांभाळणाऱ्या सिस्टीमचा, अ‍ॅक्सेस मिळायला मात्र वेळ गेला. सिस्टीम टीम एसएमएफ सहजासहजी कुणाला वाचू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्याकडे सॅस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर नव्हतं, म्हणून वाचायला छोटा कोबोल प्रोग्राम लिहिला. रेकॉर्डच्या सुरुवातीला पत्ते असतात: अमुक भाग इतक्या अंतरावर, इतक्या लांबीचा, इतक्या वेळा. ते पत्ते वाचूनच पुढे जायचं. ठरावीक कॉलम धरून सॉर्टने बेरीज मारायला गेलं तर आकडे येतात, पण कुठले कुठले येतात.

इथे एक गोष्ट जपावी लागते. टाइप ३० चे सबटाइप आहेत. २ आणि ३ म्हणजे ठरावीक अंतराने पडणाऱ्या नोंदी, ४ म्हणजे स्टेप संपल्याची, ५ म्हणजे जॉब संपल्याची. तोच सीपीयू या तिन्ही ठिकाणी येतो. सरसकट बेरीज केली की एकच खर्च दोन-तीनदा मोजला जातो. क्लायंटकडे आधीच्या कुणीतरी केलेली एक यादी होती, त्यात नेमकं हेच झालेलं दिसत होतं. आम्ही अंतरांच्या नोंदी घेतल्या. स्टेप संपल्याची नोंद घेतली असती तर रात्री दहाला सुरू होऊन तीनला संपलेल्या जॉबचा सगळा खर्च तीनच्या नावावर पडला असता, आणि आम्हाला तर तासातासाचा हिशोब हवा होता. शिवाय सिक्स (सीआयसीएस), म्हणजे ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टीम, तिचं रीजन दिवसेंदिवस बंदच होत नाही. त्याच्या संपण्याची वाट कोण बघणार?

प्रोग्रामच्या नावाने बेरीज केली आणि पहिली यादी आली. सगळ्यात वर आयकेजेईएफटी०१. त्याखाली डीएफएचएसआयपी, मग डीएफएसआरआरसी००, मग सॉर्ट. मेनफ्रेमवाला कुणीही हसेल. पहिला टीएसओचा (मेनफ्रेमवर कमांड देऊन काम करायची सोय) मॉनिटर, ज्याच्या आत डीबीटू या डेटाबेसचे बॅच (माणसाशिवाय एकगठ्ठा चालणारे) प्रोग्राम चालतात. दुसरं सिक्स स्वतः. तिसरा आयएमएस या जुन्या डेटाबेसचा. म्हणजे यादीत फक्त गाड्यांची नावं होती, आत कोण बसलंय त्याचा पत्ता नाही. ही यादी तशीच पाठवली असती तरी मागणी कागदावर पुरी झाली असती. खरं सांगायचं तर अशा याद्या पाठवल्या जातात.

म्हणून जॉब आणि स्टेपच्या नावाने पुन्हा गट पाडले. सिक्ससाठी टाइप ११० मधून ट्रान्झॅक्शनवार सीपीयू काढला. डीबीटूसाठी टाइप १०१. पॅकेजवार (पॅकेज म्हणजे एका प्रोग्रामच्या डेटाबेस-क्वेऱ्यांचा, एसक्यूएलचा, तयार संच) खर्च हवा असेल तर अकाउंटिंग ट्रेसचे, म्हणजे डीबीटूच्या खर्चाच्या नोंदींचे, क्लास ७ आणि ८ चालू असावे लागतात. डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) आधी कुरकुरले, मग थोड्या दिवसांसाठी चालू करून दिले. पॅकेजचं नाव सहसा कोबोल प्रोग्रामचंच असतं, त्यामुळे आतली माणसं दिसायला लागली. मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी वजाबाकी. क्लास १ मध्ये प्रोग्रामचा सगळा वेळ, क्लास २ मध्ये फक्त डीबीटूच्या आतला. फरक मोठा असेल तर दुखणं कोबोलमध्ये आहे, एसक्यूएलला हात लावून उपयोग नाही. ही वजाबाकी न करता थेट इंडेक्स वाढवायला धावणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत.

आता वेळ. हिवाळ्यात त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. टोक चढत होतं ते त्यांच्या दहा ते दोनमध्ये, रात्रीच्या बॅचमध्ये नाहीच. शाखांमधलं ऑनलाइन काम तेव्हा जोरात असतं. महिन्याच्या एकूण खर्चात पहिला आलेला प्रोग्राम एका मोठ्या मासिक अहवालाचा होता. तो शनिवारी रात्री चालायचा, मशीन रिकामं असताना. त्याच्यावर कितीही घाम गाळला तरी बिलातून एक डॉलर कमी झाला नसता. मी तो यादीत ठेवला, पण तळाशी.

टोकाच्या वेळी ऑनलाइनच्या डोक्यावर डेटा काढून फाइल बनवणारा एक एक्स्ट्रॅक्ट जॉब बसत होता. भर दुपारी का चालतो, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी त्यांच्या एका जुन्या माणसाने सांगितलं की कधीकाळी दुसऱ्या विभागाला फाइल तीनपर्यंत लागायची. तो विभाग आता ती दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो. शेड्युलरमध्ये वेळ बदलली. कोडची एक ओळ न बदलता सगळ्यात मोठा फायदा इथेच झाला. आम्हा प्रोग्रामर लोकांना असला फायदा गोड लागत नाही, हेही खरं.

कोडमधला खरा चोर एसएमएफमध्ये दिसतच नव्हता, कारण तो कॉल होणारा सबप्रोग्राम होता. टाइप ३० मध्ये मुख्य प्रोग्रामचंच नाव येतं. त्यासाठी सॅम्पलिंग करणारं साधन लागतं, आयबीएमचं एपीए किंवा स्ट्रोब. ते चालत्या प्रोग्रामला ठरावीक अंतराने डोकावून बघतं की आत्ता कुठली ओळ चालू आहे. बहुतेक वेळा उत्तर एकच येत होतं: हप्त्याचा कोड शोधणारा एक जुना छोटा रूटीन. प्रत्येक रेकॉर्डला कॉल, प्रत्येक कॉलला संपूर्ण टेबलवर इनिशियलाइझ (पुसून कोरं करणं), मग ते टेबल पुन्हा भरायचं आणि पहिल्या ओळीपासून सर्च. सबस्क्रिप्टही (टेबलातल्या ओळीचा नंबर) डिस्प्ले, म्हणजे अक्षरी आकड्यांच्या, प्रकाराचा, म्हणजे दर वेळी रूपांतर. टेबल पहिल्याच कॉलला एकदा भरलं, किल्लीच्या क्रमाने लावलं, इंडेक्स देऊन सर्च ऑल (मधोमध तोडत शोधणं) केलं. बदल पानभराचा. टेस्टिंगला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ गेला, कारण तो रूटीन कोण कोण कॉल करतं याची यादीच कुणाकडे नव्हती.

निकाल तपासताना एकूण सेकंद बघू नयेत. महिनाअखेरीला रेकॉर्डच जास्त असतात, मग सुधारलेला प्रोग्रामही बिघडल्यासारखा दिसतो. दर हजार रेकॉर्डला किती सीपीयू, हे माप ठेवलं. झिपवर (जावासारख्या कामासाठीचा वेगळा प्रोसेसर) गेलेला वेळ वेगळा रकाना करून ठेवला, कारण तो या बिलात धरला जात नाही. साध्या प्रोसेसरच्या वेळेत तो मिसळला की जावाचं काम उगाच खादाड ठरतं.

हे सगळं टोकावर बिल लावणाऱ्या करारापुरतं. २०१९ पासून आयबीएमने टेलर्ड फिट प्रायसिंग आणलंय. त्यात एकूण वापरावर हिशोब असेल तर चार तासांचं टोक बाजूला पडतं, आणि तो शनिवारचा अहवाल तळातून थेट पहिल्या नंबरावर येतो. क्लायंटने तशी बोलणी सुरू केल्याचं मध्यंतरी कानावर आलं, म्हणून आता दोन्ही क्रमांनी लावलेल्या याद्या एकाच मेलमध्ये पाठवतो. वीस नावं मात्र कधीच भरत नाहीत. सात-आठच्या पुढे खर्च इतका बारीक होतो की लिहिण्यात अर्थ नसतो.