एका गळलेल्या चरणासाठी धुळ्याची वारी

चोपड्याला आमच्या आत्याकडे दासबोधाची एक हस्तलिखित पोथी आहे. तिचे शेवटचे पान हरवलेले असल्यामुळे ती कोणी उतरवली आणि कोणत्या शकात, हे सांगणारा मजकूरच आमच्याकडे उरलेला नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा, म्हणजे भागाचा, पहिला समास (प्रकरण) लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे घोटावे, ओळी कशा चालवाव्यात, कडेची जागा किती सोडावी हे त्यात सांगितले आहे, आणि नेमक्या त्याच समासात आमच्या लेखनिकाचा हात चुकला आहे. ‘अक्षरमात्र तितुकें नीट । नेमस्त पैस काने नीट । आडव्या मात्रा त्या हि नीट’ असे ओळीने तीन चरण ‘नीट’वर संपतात. लेखनिकाची नजर पहिल्या ‘नीट’वरून घसरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला चरण गळला. नंतर तो पानाच्या समासात, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागेत, काकपदाची (गळलेला मजकूर कुठे बसतो ते दाखवणारी) खूण करून, बारीक अक्षरात भरलेला आहे. ही चूक त्याची स्वतःची, की ज्या प्रतीवरून तो उतरवत होता तिच्यातलीच, एवढे पाहण्यासाठी मी जानेवारीत दोन दिवस धुळ्याला, तिथल्या हस्तलिखित संग्रहांत गेलो.

पोथी सोबत नेण्याचा विचार होता, पण आत्याने तो पहिल्याच वाक्यात मोडून काढला. “पोथी घराबाहेर जायची नाही रे, फोटो घेऊन जा.” तिचे म्हणणे योग्यच होते, हे नंतर एसटीच्या गर्दीत पटले. चोपड्याहून तापी ओलांडून अमळनेरमार्गे धुळे गाठता येते. मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्यांना चाळीसगावमार्गे यावे लागते. जुन्या धुळ्यात पत्ता गल्लीच्या क्रमांकाने सांगतात, त्यामुळे निघण्यापूर्वी संस्थेच्या नावासोबत गल्लीचा क्रमांकही विचारून ठेवावा. रिक्षावाल्याला ‘हस्तलिखितांचे ग्रंथालय’ सांगून काहीही उपयोग होत नाही, हा स्वानुभव आहे.

पहिला दिवस समर्थ वाग्देवता मंदिरासाठी ठेवला होता. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावच्या रामदासी मठांतून बाडे आणि पोथ्या मिळवून समर्थ संप्रदायाचे साहित्य येथे एकत्र आणले. ज्या सत्कार्योत्तेजक सभेमार्फत हे काम झाले ती १८९३ सालची. समर्थांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकि रामायण याच संग्रहात आहे, आणि बहुतेक लोक त्याच्या दर्शनासाठी येतात. दर्शन घ्यावेच, परंतु माझ्यासारख्याने नेमका प्रश्न घेऊन जावे. ‘जुनी पोथी दाखवा’ म्हणणाऱ्याला एखादी पोथी दाखवली जाते. ‘एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ज्या प्रतींत पूर्ण आहे त्या पाहायच्या आहेत’ असे आधी पत्राने कळवले, तर सूचीतून क्रमांक शोधता येतात आणि दोन्ही बाजूंचा वेळ वाचतो. दासबोधाच्या ७,७५१ ओव्या आहेत. आयत्या वेळी पाने उलटत शोधायचे म्हटले तर सकाळ त्यातच जाते.

माझ्यासमोर दोन प्रती आल्या. दोन्हींत तो चरण जागच्या जागी होता. त्यामुळे चूक आमच्याच लेखनिकाची असण्याची शक्यता वाढते. सिद्ध मात्र काही होत नाही, कारण त्याच्यासमोरची प्रत या दोहोंपैकी होती असे मानायला काही आधार नाही.

त्या दोन प्रतींपैकी एकीचे पान मी बराच वेळ पाहत बसलो. कागद हातकागदच, घोट्याने घोटून गुळगुळीत केलेला. शाई काजळीची असल्यामुळे अजून काळीभोर आहे. दंड आणि ओव्यांचे आकडे हिंगुळाने लाल केलेले आहेत. पानाच्या कडा झडून दातरलेल्या आहेत, पण मजकुराचे एकही अक्षर गेलेले नाही. भोवती जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडत नाही, असे त्याच समासात समर्थांनी सांगितले आहे; ते सांगणे आणि त्याचा पुरावा एकाच पानावर पाहायला मिळाला. एका ओळीत दोन अक्षरांवर पिवळा थर होता आणि त्यावर नवी अक्षरे लिहिलेली होती. तो हरताळ. चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखनिक तो लावत असत. बोलताना आपण सहज ‘हरताळ फासला’ म्हणतो, पण खरा फासलेला हरताळ मी तोवर पाहिला नव्हता. स्वच्छ प्रत इतकी स्वच्छ असते की लेखनिकाचा माग फक्त अशा ठिकाणीच लागतो. म्हणून चुका, काकपदे आणि समासातली भर यांची टिपणे मजकुराआधी घ्यावीत.

टिपणे घेताना माझी एक मोठी चूक झाली. पोथीच्या सुट्या पत्राला, म्हणजे पानाला, दोन बाजू असतात, आणि पत्राचा आकडा बहुधा मागच्या बाजूला लिहिलेला असतो. मी तो पुढच्या बाजूचा समजून दुपारपर्यंतचे सगळे संदर्भ एका बाजूने चुकवले. संध्याकाळी दिवेलागणीनंतर खोलीवर बसून ते दुरुस्त करावे लागले. प्रत्येक नोंदीत पोथीचा सूचीक्रमांक, पत्राचा आकडा आणि ‘पुढील’ किंवा ‘मागील’ असे तिन्ही लिहिण्याची सवय पहिल्या पत्रापासून लावून घ्यावी.

बरोबर पेन्सिल आणि भिंग न्यावे. पेन खिशातच राहू द्यावे. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोज्यांत बोटांना कागदाची जाणीव राहत नाही आणि झडलेली कड त्यात अडकते, त्यामुळे कोरडे हात बरे. छायाचित्रांची परवानगी आधी विचारावी आणि मिळाली तरी फ्लॅश बंद ठेवावा. काजळीची शाई डिंकाने बांधलेली असते, पाण्याचा थेंब पडला तरी ती पसरते. म्हणून पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नये.

शेवटच्या पानावरची मिती वाचण्याची तयारी घरूनच करून जावी. ‘शके १७१२ साधारण नाम संवत्सरे’ असे दिसले की त्यात ७८ मिळवून १७९० येते; मात्र मिती पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. संवत्सराचे नाव आणि शक जुळत नसतील, तर आकडा वाचण्यात आपलीच चूक झाली आहे असे धरून पुन्हा पाहावे. महानुभाव पंथाच्या पोथ्या पाहायच्या असतील तर त्यांच्या सांकेतिक सकळ लिपीची अक्षरमाला सोबत असावी; तिच्याविना नुसती बाळबोध (देवनागरी) येणाऱ्याचे एक पाऊलही पुढे पडत नाही.

दुसरा दिवस इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात गेला. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभे राहिले. त्यांचा धातुकोशही त्यांच्यामागे छापून निघाला. येथे मी विशेष काही केले असे म्हणता येणार नाही. मोडी मला अडखळत येते, आणि जुन्या पत्रव्यवहाराचे कागद अडखळणाऱ्याला दाद देत नाहीत. एका पानाला दीड तास लागला. मोडीचा किमान तीन महिन्यांचा सराव झाल्याशिवाय त्या कागदांसाठी प्रवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच गावच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी गीतेवर अठरा रविवार प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. परतताना बसमध्ये मला कवयित्री बहिणाबाई चौधरी आठवल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने आणि नातलगाने उतरवून ठेवल्या म्हणून १९५२ साली छापता आल्या. खानदेशातले कितीतरी शब्द असे दुसऱ्याच्या अक्षरात टिकून राहिले आहेत.

जेवणाची चिंता करू नये. धुळ्यात शेवभाजी सगळीकडे मिळते. मात्र ती झणझणीत आणि हातांना तेल राहील इतकी तेलकट असते, म्हणून पोथ्या पाहायच्या दिवशी ती रात्रीसाठी ठेवावी. चैत्र-वैशाखात जाऊ नये, दुपारी बाहेर पडणे अशक्य होते.

चोपड्याला पोहोचल्यावर आत्याने पोथीचे फडके सोडले. समासात भरलेल्या चरणातला ‘ने’ आणि मूळ ओळींतला ‘ने’ मी भिंगाखाली शेजारी शेजारी पाहिला. मात्रेचे वळण एकच आहे. आपली चूक लेखनिकाने स्वतःच पाहिली होती आणि स्वतःच दुरुस्त केली होती.