पडवीतली म्हातारी पाल

मालवणला आमच्या घरी पडवीतल्या ट्यूबमागे एक पाल असते, शेपटी तुटून परत आलेली आणि उजव्या पुढच्या पायाचं एक बोट गायब. मे महिन्यात गेले होते तेव्हा काकीला विचारलं, ही गेल्या वर्षीचीच ना गं? तर काकी म्हणाली, "गेल्या वर्साची खंय गो, मी लगीन होऊन इलंय तेवापासून हिका बघतंय." काकीचं लग्न झालं १९९४ ला. घरातली पाल साधारण पाचेक वर्षं जगते असं म्हणतात, मग ही तीस वर्षं त्याच ट्यूबमागे कशी काय? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली आणि मग मी सुट्टीभर तेच वाचत बसले.

वाचता वाचता पोचले थेट न्यूझीलंडला. तिथे मोटुनाऊ नावाचं एक छोटंसं बेट आहे, जेमतेम साडेतीन हेक्टर, म्हणजे नऊ एकरसुद्धा नाही. १९६० च्या दशकात टोनी व्हिटेकर नावाच्या सरीसृप अभ्यासकाने तिथल्या वायटाहा गेको जातीच्या पालींना खुणा केल्या. खूण म्हणजे काय, तर पायाच्या बोटांची टोकं ठरावीक क्रमाने कापायची, पालीची शेपटी परत येते पण बोट परत येत नाही, म्हणून तो प्रत्येकीचा कायमचा नंबर. (आता ही पद्धत तिथे वापरत नाहीत, फोटोवरून ओळखतात आणि ते बरंच आहे.) तर २०२५ मध्ये तिथल्या संवर्धन खात्याची माणसं बेटावर गेली आणि त्यांना त्या जुन्या खुणांच्या दोन पाली जिवंत सापडल्या! एक किमान ६४ वर्षांची, दुसरी किमान ६०. व्हिटेकर २०१४ मध्येच गेले, पण त्यांनी हातात धरलेल्या पाली अजून तिथल्या दगडांतून फिरतायत. हे वाचून मी खरंच थोडा वेळ गप्प बसले.

एवढं आयुष्य कशामुळे? एक तर थंडी. पालीचं रक्त आपल्यासारखं गरम नाही, बाहेर गार असेल तर शरीराचं सगळंच काम संथ चालतं, वाढ संथ, झीज संथ. तिथल्या पाली अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, तीही वर्षाला फार तर दोन. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्या बेटावर उंदीर नाही, मांजर नाही. मुख्य भूमीवर हेच प्राणी पालींना खाऊन टाकतात. वर्षाला दोनच पिल्लं देणारा प्राणी मोठं झाल्यावर पटापट मरायला लागला तर संपलाच, त्याची सगळी भिस्त मोठ्या पालींनी वर्षानुवर्षं टिकण्यावर असते. आपल्याकडच्या पालींचं गणित उलटं, ऊब बारमाही, ट्यूबखाली किडे हवे तेवढे, एकावेळी दोन अंडी पण वर्षातून बऱ्याच वेळा, लवकर मोठं व्हायचं आणि लवकर जायचं.

मग मी पडवीतल्या पाली मोजायला घेतल्या. तीन रात्री मोबाईलवर फोटो काढले. रंगावर भरवसा ठेवू नका, तीच पाल दिवसा काळपट दिसते आणि रात्री ट्यूबखाली पांढरीफटक, म्हणून शेपटीचा जोड, पाठीवरचे ठिपके, बोटं असं सगळं झूम करून बघायचं आणि वहीत नंबर द्यायचा. खिडकीच्या काचेवर बसलेली एक तर पोटाकडून दिसली, कातडीतून दोन पांढरी अंडी स्पष्ट, शेजारी शेजारी, तांदळाच्या पापडासारखं ते पातळ पोट श्वासाबरोबर हलत होतं, आणि काचेला टेकलेल्या प्रत्येक बोटाखाली बारीक बारीक आडव्या पट्ट्या. किती वेळ बघत उभी होते मी.

पहिल्या फेरीत ११ वेगवेगळ्या पाली झाल्या. आठवड्याने परत बघितलं तर ८ दिसल्या, त्यातल्या ६ वहीतल्या आणि २ नवीन. ८ मध्ये ६ ओळखीच्या, म्हणजे आपण एकूण पालींपैकी साधारण पाऊण भाग आधीच नोंदवलाय असं धरायचं, ११ गुणिले ८ भागिले ६, उत्तर साधारण १५. बेटांवरचे अभ्यासक मुळात हेच करतात, फक्त ते वर्षानुवर्षं परत जातात, आणि जुन्या खुणेची पाल पुन्हा सापडली की वय कळतं.

मला फार वाटतं की आपल्या बेटांवर कुणीतरी असं करावं. सिंधुदुर्ग किल्ल्याचं कुरटे बेट आमच्या जेटीवरून समोरच दिसतं, तिथे माणसं राहतात, बोटीने सामान जातं आणि बोटीतल्या सामानाबरोबर उंदीर कुठेही पोचतो, घरातली पालसुद्धा तशीच जगभर पसरलीय. उलट वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्या घरटी करतात, तिथे वस्ती नाही. दोन्हीकडच्या पाली परवानगी काढून दहा वर्षं नुसत्या फोटोवरून मोजल्या तरी केवढं कळेल.

परवा काकीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, "तुझी म्हातारी आसा हंयच." तोच ट्यूब, तीच जागा, शेपटीही तुटून आलेली. मी झूम केलं. उजव्या पुढच्या पायाची पाचही बोटं जागेवर होती. डावा बघितला, तोही पूर्ण. वहीतल्या तेराही पालींशी ताडून बघितलं, एकीशीही जुळेना. मग नवीन पान काढून नंबर टाकला, १४, आणि काकीला फोन लावला.