कार्बोरेटरवाली जिप्सी घेऊन स्पिती: स्क्रू किती फिरवायचा आणि कधी हात आवरायचा

शिमला, नारकंडा, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो, काझा आणि परत येताना कुंझुम खिंडीवरून बाताल, ग्राम्फूमार्गे मनाली. हा फेरा आता कोणाला नवा नाही. होमस्टे, मोमो आणि मठांबद्दल भरपूर लिहून झालंय, त्यामुळे ते सोडून देतो. जुनी, कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणारी) पेट्रोल गाडी तिकडे न्यायची असेल तर काय करावं, एवढंच सांगतो. आमची जिप्सी १९९८ची, १.३ लिटरची, २००० साली एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्यूल इंजेक्शन) आलं त्याआधीची. साठेक घोड्यांचं इंजिन, कागदावर.

निघायच्या आधी पुण्यातच उरकायची कामं: टॅपेट (व्हॉल्व्हची फट), इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), नवे प्लग, नवा एअर फिल्टर आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप. पाइपांचं मुद्दाम सांगतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याला दाद देत नाही. फुगतं, मऊ पडतं, आतून कण सुटतात. ते कण थेट जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात जाऊन बसतात. इथेनॉल चालेल असे पाइप मिळतात, थोडे महाग पडतात, पण घ्याच. कार्बोरेटरला हात लावायची पाळी या सगळ्यानंतर येते. टायमिंग चुकलेल्या गाडीचा मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण लावणारा) फिरवत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

रामपूरपर्यंत काही विशेष नाही. सतलजच्या खोऱ्यात उन्हाळ्यात चांगलंच तापतं, आणि दरड कोसळून रांग लागली की खरी पंचाईत होते. इंजिन बंद करून अर्धा तास उभं राहायचं, मग गाडी सुरू होते आणि शंभर मीटरवर आचके देऊन बंद पडते. पेट्रोल संपलेलं नसतं, कार्बोरेटर बिघडलेला नसतो. मेकॅनिकल पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते. उंची वाढेल तसं हे लवकर होतं, कारण दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा. एक जुना टॉवेल आणि पाण्याचा कॅन हाताशी ठेवा. पाइपाला कपड्यांचे चिमटे लावायचा जुना उपाय आम्हाला तीन जणांनी सुचवला. तो का चालावा हे मला कळलेलं नाही, ओलं फडकं का चालतं ते कळतं.

पिओ साधारण २,३०० मीटरवर आहे. इथपर्यंत गाडी थोडी सुस्तावते, तक्रार करत नाही. खाब ओलांडून नाकोची चढण लागली की फरक दिसतो: दुसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबलं तरी गाडी उचलत नाही, आरशात काळा धूर, आणि वळणावर पाय काढला की इंजिन बसतं. कारण साधं आहे. कार्बोरेटरला हवेचं आकारमान कळतं, वजन कळत नाही. नाको, काझा ३,६०० मीटरच्या वर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के. काझाच्या वरच्या कॉमिक गावाला, साडेचार हजार मीटरच्या वर, ती ६३ टक्क्यांच्या आसपास येते. हवा इतकी विरळ होते, पण जेटमधून येणारं पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही. ते घनतेच्या वर्गमुळाने घटतं. म्हणजे कॉमिकला मिश्रण जवळजवळ पंचवीस टक्के रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. गंमत अशी की वीस टक्के इथेनॉलमुळे तेच मिश्रण सात-आठ टक्के लीन (पेट्रोल कमी) होतं, म्हणजे ज्या पेट्रोलला आपण खाली शिव्या देतो ते वर थोडं कामी येतं.

आता महत्त्वाचं. बाहेरून दिसणारा मिक्श्चर स्क्रू फक्त आयडलिंगचा, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असतानाचा असतो. पेडल दाबून चढण चढताना पेट्रोल येतं ते मेन जेटमधून, आणि त्यावर या स्क्रूचा जवळपास काही परिणाम नाही. प्रत्येक खिंडीत बॉनेट उघडून स्क्रू पिळणारे लोक दिसतात. खाली उतरल्यावर मूळ सेटिंग कुठे होतं हे त्यांना आठवत नाही.

आम्ही ट्युनिंग एकदाच केलं, काझाला, आणि तेही दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी माणसांनाच उंची चढलेली असते, डोकं दुखत असताना बारीक स्क्रू हाताळू नयेत. काझाच्या गॅरेजमधला मिस्त्री जिप्सी कोळून प्यायलेला होता. आम्ही स्क्रू ड्रायव्हर काढला तर म्हणाला, ‘साब, पेंच बाद में, पहले फिल्टर झाडो.’ फिल्टर काढून टायरवर आपटला तर स्पितीची पिठासारखी धूळ मूठभर निघाली. चोंदलेला फिल्टर म्हणजे अर्धवट ओढलेला चोकच (हवा अडवणारी झडप). तेवढ्यानेच धूर निम्मा झाला.

मग आयडलिंग. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, दिवे-पंखा बंद. आधी स्क्रू हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवायचा आणि फेरे मोजून लिहून ठेवायचे, नंतर परत तितकाच बाहेर. ताकद लावू नका, स्क्रूच्या टोकाला खाच पडली की तो पुन्हा कधीच नीट लागत नाही. इंजिन चालू करून पाव-पाव फेरा आत घ्या. आधी आवाज खुलतो, आरपीएम वाढतात. आणखी आत घेतला की इंजिन थरथरायला लागतं. थरथर सुरू होते तिथून किंचित बाहेर, बस. मग थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूने आयडलिंग हजाराच्या आसपास लावा. खाली साडेआठशे ठीक असतं, वर थोडं चढं बरं. पुन्हा एकदा मिक्श्चर, पुन्हा एकदा स्टॉप स्क्रू. व्हॅक्यूम गेज (इंजिनचं शोषण मोजणारं मीटर) लावणार असाल तर काट्याला घाबरू नका: हजार फुटांमागे साधारण एक इंच रीडिंग उतरतं, त्यामुळे पुण्यात अठरा दाखवणारं गेज काझाला सात-आठ दाखवतं. इंजिन धडधाकट असतं.

बुलेटवाल्यांसाठी एक सूचना: स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर आत म्हणजे लीन, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, तिथे आत म्हणजे रिच. उलटं होतं.

मेन जेट बदलायचा का? एक-दोन दिवसांसाठी जाऊन येणार असाल तर नाही. आठवडाभर साडेतीन हजारांच्या वर राहणार असाल तर हो, फक्त प्रायमरी बॅरलचा (कार्बोरेटरचा पहिला, नेहमी चालणारा मार्ग). जेटवरचा आकडा बहुधा छिद्राचा व्यास सांगतो, ११० म्हणजे १.१० मिलिमीटर. प्रवाह क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे ११० चा १०० केला तर पेट्रोल सतरा टक्क्यांनी कमी होतं. त्याहून बारीक जाऊ नका. काम छपराखाली करा, खाली पांढरं कापड पसरून. स्पितीत दुपारनंतर वारा सुटतो आणि पडलेली बारीक क्लिप मातीत सापडत नाही. विझलेलं इंजिन, जवळ विडी-सिगारेट नाही, फायर एक्स्टिंग्विशर बाहेर काढून ठेवलेला.

दोनएक डिग्री टायमिंग ॲडव्हान्स केलं (ठिणगी किंचित आधी पाडली) तर विरळ हवेत फायदा होतो. पण गेलेली ताकद परत येत नाही हे धरूनच चला. ३० टक्के हवा नाही म्हणजे ३० टक्के घोडे नाहीत. किब्बर, हिक्कीम, कॉमिकच्या चढणीला आम्ही सरळ फोर लो (फोर-व्हील ड्राइव्हचा हळू, ताकदीचा गिअर) टाकलं आणि निवांत चढलो.

सकाळचं स्टार्टिंग: चोक पूर्ण ओढा, पेडल दोनदा दाबा, मग चावी. पाच-सहा वेळा पेडल मारलंत तर ॲक्सिलरेटर पंप तितक्या पिचकाऱ्या मारतो आणि प्लग भिजतात. भिजलेच तर चोक आत ढकलून पेडल तळाला दाबून धरा आणि स्टार्टर फिरवा, हवा जाऊन प्लग सुकतात.

कुंझुम ते ग्राम्फू हा खरा ऑफ-रोड भाग: दगड, नाले, आदळआपट. जून ते ऑक्टोबरच्या मधलेच महिने, आणि नाले सकाळी लवकर ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. इथे फ्लोट लेव्हल, म्हणजे कार्बोरेटरच्या चेंबरमधली पेट्रोलची पातळी, महत्त्वाची. लेव्हल जास्त असेल तर तीव्र उतारावर, तिरक्या गाडीत पेट्रोल ओसंडून इंजिन गुदमरतं; कमी असेल तर चढावर उपाशी मरतं. आमच्या कार्बोरेटरला फ्लोट चेंबरवर काचेची छोटी खिडकी आहे. गाडी सपाटीवर, इंजिन आयडलिंगला, टॉर्च मारून पाहा. पेट्रोलची रेघ खुणेवर हवी. आणि छत्रूच्या अलीकडे आयडलिंगलाच बंद पडायला लागली, रेस दिल्यावर मात्र चालते, असं झालं तर स्क्रूला हात लावण्याआधी फ्यूल-कट सोलेनॉइडची (आयडलिंगचं पेट्रोल चालू-बंद करणारी विजेची झडप) वायर बघा. चावी फिरवल्यावर ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. आमचा कनेक्टर आदळून निसटला होता, दाबून बसवला, संपलं.

पेट्रोल: पिओखाली पोवारीला टाकी भरा, मग काझा, त्यानंतर थेट लाहौल-मनालीकडे. रिच गाडी जास्त पिते, वीस लिटरचा लोखंडी कॅन भरलेला असू द्या. बरोबर परदेशी पासपोर्टवाला मित्र असेल तर पिओ ते ताबो टप्प्यासाठी त्याला इनर लाइन परमिट (सीमाभागात जायची परवानगी) लागतं.

मनालीला उतरलात की त्याच संध्याकाळी मूळ मेन जेट, मूळ टायमिंग आणि लिहून ठेवलेले फेरे. टाळाटाळ करू नका. काझाचं सेटिंग चंदीगडच्या उन्हात, इथेनॉलवालं पेट्रोल घालून, ऐंशीच्या वेगाने चालवलंत तर इंजिन लीन चालतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. अंबाल्याच्या आसपास एकदा प्लग काढून पाहा: फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर पुढे जाऊ नका.