खोलीला चाकं

मोटारहोम म्हणजे आतच ओटा, पलंग, संडास असलेली गाडी. तिच्यात राहणाऱ्यांच्या व्हिडिओंत वाफाळता चहा असतो, मागचं दार उघडलं की समोर तळं असतं, पांघरुणात लोळणारं कुत्रं असतं. संडासाची पेटी रिकामी करायला निघालेला माणूस मात्र सहसा दिसत नाही. माझा भाचा इंग्लंडात असा बारा महिने गाडीत राहतो. त्याला मी पहिलं विचारलं ते हेच. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मजल्यावरच्या सामायिक संडासाबाहेर सकाळी रांग लावलेल्यांना घराची परीक्षा कुठून सुरू करायची ते चांगलं कळतं.

तर ती पेटी वीस लिटरच्या आतबाहेरची असते. गाडीच्या बाहेरच्या अंगाला छोटं दार, ते उघडून ओढून काढायची. दोघं असतील तर दोन-तीन दिवसांत भरते, हा एकटा म्हणून जरा जास्त टिकते. कॅम्पसाइटवर ती ओतायची ठरलेली जागा असते, तिथंच ओतायची. भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी वेगळ्या टाकीत साठतं, त्याचीही विल्हेवाट ठरल्या जागीच. "मावशी, माझा आठवडा वारांवर नाही, टाक्यांवर चालतो," असं तो म्हणतो. आमचा दिवस तरी कशावर चालायचा? पालिकेच्या पाण्याच्या वेळेवर. नळ यायच्या आत पिंप घासून उपडं घातलेलं नसलं की आई अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलायची.

पिण्या-वापरण्याच्या पाण्याची त्याची टाकी १०० लिटरची. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. एका बादलीत अंघोळ उरकणाऱ्या घराण्यातला मुलगा, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

एकदा मी कागदावर गुणाकार करून पाहिला. त्याची गाडी ७ मीटर लांब, २.३ मीटर रुंद. म्हणजे बाहेरून मापली तर १७० चौरस फुटांच्या थोडी वर, ड्रायव्हरची जागा धरून. बीडीडीतली खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत आम्ही सगळी भावंडं, आईवडील, आजी आणि मे महिन्यात गावाहून येणारी मंडळी. हा एकटा जवळजवळ तेवढ्याच जागेत राहतो आणि लोक त्याला म्हणतात, किती कमी जागेत निभावतोस रे! मला याचं हसू येतं आणि थोडा रागही येतो.

पण एक गोष्ट आमच्या खोलीत नव्हती, ती म्हणजे वजनाची धास्ती. साध्या कारच्या परवान्यावर त्याला साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि त्यात गाडी, पाणी, गॅस, कपडे, तो स्वतः, सगळं आलं. टाकी भरली की १०० किलो तिथंच गेले. ताईने हौसेने पाठवलेला लोखंडी खलबत्ता त्याने मित्राच्या घरी ठेवून दिला आणि ताईला वर्षभर सांगितलं नाही. आमच्याकडे माळ्यावर काय काय चढत गेलं त्याचा हिशेब कुणी ठेवलाच नाही.

थंडीचे हाल वेगळेच. ब्युटेन गॅस शून्य अंशाच्या आसपास सिलिंडरमधून वर यायलाच तयार होत नाही, म्हणून हिवाळ्यात प्रोपेन लागतो. रात्री श्वासाची वाफ काचांवर जमते, गादीच्या खालच्या बाजूला ओल धरते. सकाळी उठून पहिलं काम फडकं फिरवणं. चामड्याच्या पट्ट्यावर जुलैत चढणारी हिरवी बुरशी पाहिलेल्या मुंबईकराला याचंही फार नवल वाटू नये.

ताईची काळजी यातली कुठलीच नाही. "स्थळाला पत्ता काय सांगू? याचं घर आज कुठे आणि उद्या कुठे!" तिचं अगदीच चुकत नाही. गाडीची नोंदणी, परवाना, विमा, सगळ्यांना पत्ता लागतो, आणि भाच्याने तिथे त्याच खलबत्तेवाल्या मित्राचा दिलाय.

आता त्याच्या डोक्यात आलंय की परत यावं आणि मुंबईत असंच राहावं. ट्रॅव्हलर, म्हणजे ती मिनीबस, घ्यायची, आत ओटा-पलंग करून घ्यायचा. मी म्हटलं, बाबा, आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच, मनाला येईल तसा गाडीत बदल करता येत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅनचं, म्हणजे अशाच राहत्या गाड्यांचं, धोरण आणलं खरं, पण ते पर्यटनासाठी. चार दिवस फिरून घरी जाणाऱ्यांसाठी. ज्याला जायला दुसरं घरच नाही, त्याने रात्री गाडी कुठे लावायची? लहान जागेत राहणं मुंबईला कुणी शिकवायला नको. इथे अडतं ते उभं राहायच्या जागेवर.

तरी गाडीत राहणारी माणसं इथे आहेतच. पहाटे स्टेशनबाहेर पाहावं. काळी-पिवळीची मागची दोन्ही दारं सताड उघडी, एका दारातून पावलं बाहेर आलेली, काचेच्या फटीत पंचा वाळत घातलेला, डिकीत कपड्यांची पिशवी. अंघोळ आणि बाकीचं सुलभ शौचालयात, पैसे मोजून. पाणी, संडास, रात्रीची जागा, भाच्याचेच तिन्ही प्रश्न यांनी रोजचे म्हणून सोडवलेत. फक्त त्यांच्या टाकीत भाडं नेण्यापुरता गॅस असतो आणि तळ्याकाठी जायची कुणाची ऐपत नसते.

भाच्याचा हट्ट सुटेना, म्हणून आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सेक्रेटरींना विचारून पाहिलं. पाहुण्याची एक मोठी गाडी महिनाभर गेटच्या आत लावली तर चालेल का?

"गाडी ना? पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावा. रात्रीचे पैसे पडतील."

"आत तो झोपणार आहे. स्वयंपाकही करेल."

त्यांनी चष्मा काढला. "वहिनी, मग ती गाडी कसली? ते अनधिकृत बांधकाम झालं. लेखी अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो. आणि हो, मेंटेनन्स चौरस फुटावर लागेल, माप आणून द्या."