एच३.३ हिस्टोनची दोन जनुके मूक करताना : माझा अनुभव

मानवी पेशीतले एखादे हिस्टोन जनुक मूक करायचे, म्हणजे त्यापासून प्रथिन बनणे थांबवायचे ठरवले की पहिली अडचण त्यासाठी लागणाऱ्या वाहक विषाणूची नसते, जनुकांच्या संख्येची असते. आठ हिस्टोन प्रथिनांच्या ज्या गाभ्याभोवती डीएनएच्या १४७ बेसजोड्या गुंडाळलेल्या असतात, त्यांपैकी एकट्या एच४ साठी माणसात डझनाहून अधिक जनुके आहेत आणि त्यांतली बहुतेक सहाव्या गुणसूत्रावर दाटीने वसलेली आहेत. त्यांतले एक बंद केले तर बाकीची त्याची उणीव सहज भरून काढतात. म्हणून मी एच३ या हिस्टोनचा एच३.३ हा प्रकार निवडला. तो फक्त दोन जनुकांतून तयार होतो, त्यांतले एक पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि दुसरे सतराव्या. दोन्हींचे प्रथिन तंतोतंत एकच असले तरी आरएनएचा, म्हणजे ज्या प्रतीवरून प्रथिन बनते तिचा, क्रम वेगळा आहे. लहान मुलांच्या मेंदूतील काही घातक गाठींमध्ये या प्रथिनातील बदल २०१२ मध्ये उघड झाल्यापासून मला या जनुकांविषयी विशेष ओढ होती, हेही खरे.

जनुकीय मजकूर पेशीत नेणारा वाहक म्हणून लेंटिव्हायरस हा विषाणू घेतला, कारण तो विभाजन न होणाऱ्या पेशींतही शिरतो आणि आपला मजकूर पेशीच्या डीएनएत कायमचा बसवतो. प्रत्येक जनुकासाठी वेगळा शॉर्ट हेअरपिन आरएनए (ठरावीक जनुकाच्या आरएनएशी जुळून तो नष्ट करवणारा, दुमडलेला छोटा आरएनए) लागणार होता. एका जनुकाच्या वाहकावर प्युरोमायसिनला दाद न देणारे जनुक ठेवले आणि दुसऱ्याच्या वाहकावर ब्लास्टिसिडिनला, म्हणजे दोन्ही औषधांत टिकेल त्या पेशीत दोन्ही वाहक पोहोचलेले असणार. जैवसुरक्षा समितीची परवानगी मिळेपर्यंतचा वेळ प्रत्येक जनुकासाठी किमान दोन वेगळे हेअरपिन निवडण्यात आणि त्यांचा क्रम अन्य जनुकांशी जुळत नाही ना, हे पाहण्यात गेला.

विषाणू तयार करण्याचे काम त्या मानाने सरळ आहे. हेअरपिनचे प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ), विषाणूचे भाग बनवणारे पॅकेजिंगचे प्लाझ्मिड आणि व्हीएसव्ही-जी या आवरण प्रथिनाचे प्लाझ्मिड एकत्रित २९३टी या मानवी पेशींत सोडायचे आणि ४८ व ७२ तासांनी वरचे माध्यम गोळा करायचे. या पेशी तळाला फार सैल चिकटलेल्या असतात. माध्यम बदलताना पिपेटचे टोक डिशच्या कडेला टेकवून थेंब थेंब सोडले नाही, तर त्यांचा थर पापुद्र्यासारखा सुटून तरंगू लागतो. गोळा केलेले माध्यम ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून लहान भागांत उणे ८० अंशांवर ठेवले, कारण गोठवण्या-वितळवण्याच्या प्रत्येक फेरीत विषाणूची क्षमता घटते.

खरा कस लागला तो जनुक मूक झाल्याचे दाखवताना. पेशीविभाजनाच्या काळात बनणाऱ्या नेहमीच्या हिस्टोनांच्या आरएनएला पॉली-ए शेपूट (‘ए’ या एकाच अक्षराची लांब माळ) नसते, त्याच्या टोकाला स्टेम-लूप, म्हणजे स्वतःवर दुमडलेला फास असतो. एच३.३ च्या आरएनएला मात्र शेपूट असते. त्यामुळे केवळ या शेपटीला चिकटणारे ऑलिगो-डीटी वापरून सीडीएनए (आरएनएवरून काढलेली डीएनए प्रत) बनवले असते, तर एच३.३ घटल्याचे दिसले असते. पण बाकीची एच३ जनुके त्याच वेळी वाढली की आपल्या हेअरपिनने तीही घटवली, हे नीट कळलेच नसते. मी सर्व नमुन्यांसाठी रँडम हेक्झामर (शेपूट असो वा नसो, कोणत्याही आरएनएला चिकटणारे सहा अक्षरी तुकडे) वापरले आणि या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने तेच वापरावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रथिनाची तपासणी आणखी नाजूक होती. एच३.३ आणि एच३.१ यांच्यात फक्त ५ अमिनो आम्लांचा फरक आहे, म्हणून प्रथिन ओळखण्यासाठी वापरायचा प्रतिपिंड दोघांत भेद करतो का, हे आधी पडताळावे लागले. एरवी वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रतिपिंडाने प्रथिनाची पट्टी दाखवणाऱ्या चाचणीत) एच३ हेच तुलनेचे प्रथिन म्हणून वापरण्याची सवय असते. इथे ते चालणार नव्हते, म्हणून एच४ घेतले. शिवाय हिस्टोन एकदा डीएनएभोवती बसले की दीर्घकाळ टिकते. आरएनए झपाट्याने उतरल्यावरही एच३.३ ची १५ किलोडाल्टनजवळची पट्टी बराच काळ ठळक राहिली आणि पेशींची विभाजने होत गेली तशी फिकट होत गेली. आरएनएच्या आकड्यांवर विसंबून लगेच निष्कर्ष काढण्याचा मोह इथेच आवरावा लागतो.

दोन्ही जनुके एकत्र मूक झालेल्या पेशी हळू वाढू लागल्या. हा परिणाम एच३.३ कमी झाल्यामुळे आहे की हेअरपिन भलत्याच आरएनएला चिकटल्यामुळे, हे ठरवण्यासाठी हेअरपिन ओळखू शकणार नाही, पण प्रथिन मात्र तेच राहील, असा बदल केलेले एच३.३ चे सीडीएनए त्याच पेशींत परत घातले. हेअरपिनच्या एका जोडीच्या (प्रत्येक जनुकासाठी एक) बाबतीत वाढ बरीचशी पूर्ववत झाली. दुसऱ्या जोडीच्या पेशी प्रथिन परत मिळूनही मंदच राहिल्या, म्हणून त्या जोडीवर आधारलेले वाढीचे सर्व आलेख मी निष्कर्षांतून काढून टाकले आणि त्या जागी नवा हेअरपिन निवडायला घेतला.